हरणांच्या ओढ्याकाठी

कॅलिफोर्निया म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? हॉलिवूड, डिस्नेलँड, कॉम्प्युटरच्या कंपन्या! पण आज मी तुम्हाला नेणार आहे एका ओढ्याकाठी. चिको नावाच्या गावाहून ३२ नंबरचा रस्ता डोंगरात चढतो आणि डियर क्रीक, म्हणजे ‘हरणांचा ओढा’, गाठतो. काळ्या लाव्हाचे कडे, खाली खळाळतं थंडगार पाणी. २०२४ च्या मोठ्या वणव्यात हा मुलूख होरपळला. आम्ही गेलो तेव्हा जळक्या खोडांच्या बुडाशी हिरवे कोंब फुटले होते.

मला तिथे ओढून नेलं माझ्या भाच्याने. वय वर्षं तेरा, आणि धनुष्यबाणाचं भारी वेड! आदल्याच आठवड्यात त्याची फजिती झाली होती. त्यांच्या शेजारचे एक आजोबा धनुष्य घेऊन हरणांच्या शिकारीला जातात. (तिथे परवाना काढून, ठरलेल्या मोसमात जाता येतं. आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, बरं का!) त्यांच्या बाणांची जड टोकं पाहून आमच्या भाचेरावांनीही आपल्या बाणांना १०० ग्रेनऐवजी २०० ग्रेनची टोकं लावली. १०० ग्रेन म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅम. तेवढ्याने काय होतंय? पण झालं! सगळे बाण लक्ष्याच्या उजवीकडे!

आजोबा हसले. म्हणाले, “बाण सरळ जातो असं तुला वाटतं. तो माशासारखा वळवळत जातो!” मागून दोरीचा धक्का, पुढे टोकाचं वजन. मधल्यामध्ये काठी वाकते, धनुष्याला वळसा घालते आणि मग हळूहळू सरळ होते. हे वाकणं बेताचं हवं. उजव्या हाताच्या बोटांनी दोरी ओढणाऱ्याची काठी फार ताठ असेल, तर बाण डावीकडे जातो. फार लवचिक असेल, तर उजवीकडे. टोक जड केलं किंवा काठी लांब घेतली, की ती जास्त वाकते. धनुष्य जोरदार असेल, तर काठीही ताठ लागते.

हा ताठपणा मोजतातसुद्धा. २८ इंचांवर दोन टेकू ठेवायचे, त्यांवर काठी आडवी ठेवून मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं. काठी अर्धा इंच वाकली, तर तिचा आकडा ५००. आकडा जितका लहान, तितकी काठी ताठ. तुम्हीही गंमत करून बघा. खराट्याची एक लांब काडी घ्या, टोकाला ओल्या मातीची गोळी लावा आणि दुसरं टोक धरून हलवा. मग गोळी मोठी करा. काडी कशी जास्त डुलते पाहा! (काडी कोणाच्या डोळ्याजवळ मात्र नेऊ नका.)

“माझं पातं रुंद असतं,” आजोबा पुढे म्हणाले. “ते वारा पकडतं आणि छोटी चूक मोठी करतं. तुझा बाण चुकला तर कागद फाटतो. माझा चुकला तर हरीण जखमी होऊन पळतं आणि रानात तडफडत मरतं. म्हणून आधी जुळवायचं, मगच रानात जायचं.”

“पण हे आकडे नव्हते तेव्हा?” भाच्याने विचारलं. उत्तरादाखल आजोबांनी नाव सांगितलं इशीचं, आणि पत्ता दिला या ओढ्याचा.

इशी हा याही जमातीचा शेवटचा माणूस. गोऱ्या वसाहतवाल्यांनी याहींच्या कत्तली केल्या. उरलेली मूठभर माणसं या दऱ्यांत वर्षानुवर्षं लपून राहिली. १९११ साली एकटा उरलेला इशी ओरोव्हिल गावात आला. पुढे तो सॅनफ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने गेला. शेजारच्या इस्पितळातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. १९१४ मध्ये इशी मित्रांना घेऊन इथे आला, तेव्हा डॉक्टरांचा अकरा वर्षांचा मुलगाही बरोबर होता!

पोप यांनी सगळं मोजून लिहून ठेवलं. इशीचं धनुष्य ज्युनिपरच्या लाकडाचं, पाठीवर प्राण्याच्या स्नायूचे धागे चिकटवलेले. लांबी ४२ इंच. इशीचं माप वेगळं होतं: आडव्या पसरलेल्या हातापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत! ताकद सुमारे ४५ पौंड. बाणाची काठी हेझलची, निखाऱ्यांवर शेकून सरळ केलेली. पुढच्या टोकाला टणक लाकडाचा तुकडा आणि त्यावर ज्वालामुखीच्या काचेचं पातं. पाती तो बाटलीच्या काचेचीही करी! वजनकाटा नाही, आकडे नाहीत. फक्त हात आणि डोळा.

ओढ्याच्या वाळूत भाच्याला काहीतरी चमकताना दिसलं. नखाएवढी काळी काचेची कपची! “मावशी, हे इशीचं असेल?” म्हणत त्याने ती खिशातही टाकली.

मग मी त्याला १९०८ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी जमीन मोजणारी माणसं इथे आली आणि इशीची लपलेली वस्ती त्यांना सापडली. त्यांनी काय केलं? धनुष्य, बाण, पांघरुणं, जे हाताला लागलं ते ‘आठवण’ म्हणून उचलून नेलं. समोर हिवाळा होता. इशीची आजारी आई त्यानंतर फार दिवस जगली नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्या बाणांचा त्यांना काय उपयोग? त्यांचं धनुष्य वेगळं, हात वेगळे.”

“काहीच नाही. भिंतीवर टांगायला!”

त्याने खिशातून ती कपची काढली आणि जिथे होती तिथेच वाळूत ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “घरी गेल्यावर ती जड टोकं काढायचीयत. आठवण कर हं!”