चाई आणि गुंजेचा लेप

आज भाताचं नाही, डोक्याचं लिहितोय.

मागल्या लावणीच्या टायमाला धाकट्याच्या डोक्यात रुपयाएवढी चाई पडली. शाळेत पोरं चिडवायची, म्हणून टोपी घालून जायचा. आई म्हणाली, गुंज उगाळून लाव. इथे चिरनेरात बांधावर वेल आहेच. मीच सहाणेवर उगाळली, मीच लावली. दोन दिवसांत फोड आले. पोरगा रात्रभर कण्हत होता. गुंजेचं बी विषारी, हे मला ठाऊक होतं, तरी लावली.

डॉक्टरांनी समजावलं. चाईचा किडा वगैरे काही नसतो. अंगाची राखण करणाऱ्या पेशीच केसांच्या मुळांवर उठतात. मूळ मात्र जिवंत असतं, म्हणून लहान चट्टा बऱ्याचदा वर्षभरात आपोआप भरतो. आणि आपण म्हणतो, लेपाने गुण आला! पापुद्रे निघत असतील, खाज असेल, तर तो नायटा असू शकतो. डोक्यातल्या नायट्याला पोटातूनच औषध लागतं.

कांद्याचा रस अगदीच खोटा नाही. २००२ साली छापलेल्या एका अभ्यासात रस लावलेल्या २३ पैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले. पण माणसं थोडीच होती.

धाकट्याचे केस आता आलेत. फोडाचा डाग आहे.

भाजीवर नवीन औषध मारायचं तर आपण आधी चार रोपांवर मारून बघतो. पोराच्या डोक्याला मी तेवढंही केलं नाही. तुम्ही आधी डॉक्टरला दाखवा.