थांबा, बोलेल

तालुक्याच्या गावी अठ्ठावीस वर्षे दवाखाना चालविताना मी सर्वांत अधिक वेळा कोणते औषध दिले असेल, तर ते ‘थांबा, होईल’ या दोन शब्दांचे. साध्या सर्दीपडशाला ते लागूही पडते. एका मुलाला मात्र ते बाधले.

आजी नातवाला सर्दीसाठी घेऊन आल्या होत्या. मूल दीड वर्षाचे, हसरे, स्वतःच्या पायांनी चालणारे. निघताना आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, अजून ‘आई’ म्हणत नाही हो. रोज वेखंड उगाळून चाटवते.”

“ऐकू येतं ना त्याला?”

“येतं की! ताट पडलं तर दचकतो.”

त्याचा बापही उशिराच बोलला होता, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. बाहेर पंधरा रुग्ण ताटकळत होते. मी म्हणालो, “थांबा, बोलेल.”

पुढे सव्वा वर्षाने अंगणवाडीत तपासणीचे पथक आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे आणि अंगणवाडीतील मुलांची त्यात वर्षातून दोनदा तपासणी होते. पथकाने मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठविले. बेरा चाचणीत दोन्ही कानांची श्रवणशक्ती बरीच कमी असल्याचे निष्पन्न झाले. ताटाचा खणखणाट त्याला कळत होता. आईचे बोलणे पोहोचत नव्हते. या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते.

मुलाची आई भेटली तेव्हा मी माझी चूक कबूल केली. तिने एवढेच विचारले, “तेव्हाच तपासलं असतं तर?” भाषा रुजण्याचा मोलाचा काळ पहिल्या तीन वर्षांचा असतो आणि त्यातले पंधरा महिने आपण गमावले, हे मला तिला सांगावे लागले.

त्या केंद्रात मी एकदा मुद्दाम जाऊन बसलो. उपचार म्हणावे असे तेथे वरवर काहीच दिसत नाही. सतरंजीवर वाटी, चेंडू, बाहुली. वाचोपचारतज्ज्ञ मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीवर बसून ‘चेंडू दे’ म्हणतात आणि थांबतात. खरे शिक्षण चालते आईचे. कारण तज्ज्ञाकडे मूल आठवड्यातून तासभर असते, उरलेला सारा वेळ घरी. सेवा विनामूल्य असली तरी एसटीचे भाडे आणि बापाची बुडालेली मजुरी कोणत्याच कागदावर येत नाही.

आता मी विचारण्याची पद्धत बदलली आहे. आठव्या-नवव्या महिन्यात मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षात चालत नसेल वा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नसेल, तर मी चिठ्ठी लिहितो. आजाराचे नाव निश्चित होण्याची वाट पाहत नाही. विलंब दिसला, एवढे कारण उपचार सुरू करण्यास पुरेसे असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंत वय मोजताना तेवढे दिवस वजा करावेत. काही पालक रागावतात. एका आजोबांनी तर “आमच्या नातवाला वेडा ठरवता काय?” असे म्हणून माझ्याकडे येणेच सोडले.

तो मुलगा मागच्या महिन्यात आला होता. कानांमागे निळी श्रवणयंत्रे, हात आजींच्या पदरात. मला पाहताच म्हणाला, “सुई नको.” त्यातला ‘स’ अजून त्याला नीट जमत नाही.