शिंप्याचं सामान
आमच्या कवठे महांकाळच्या बाजारात "शिंप्याचं सामान द्या हो" म्हटलं, की बटणं, झिप, हूक, लेस सगळं एकाच दुकानात मिळतं. न्हावाशेव्याला आयात मालाची कागदपत्रं करणारा एक जुना विद्यार्थी परवा घरी आला होता. म्हणाला, "सर, कस्टमला असं चालत नाही. बटण ९६०६, झिप ९६०७, धातूचे हूक ८३०८, लेस ५८०४." झिपला कापडाची पट्टी असते, तरी ती कापडात धरत नाहीत! (जगभर चालणारी ही आकड्यांची पद्धत आपल्याकडे १९८६ पासून आहे.)

पहिल्याच वर्षी यानं सगळ्यावर एकच आकडा टाकला. कंटेनर अडकला, भाडं चढलं, नोकरी गेली. दुसरी मिळायला आठ महिने लागले.

"थोडक्यात लिहा, असं तुम्हीच शिकवलंत की," तो हसत म्हणाला. मला काही हसू आलं नाही...