नारळ आधी की हप्ता

माणसं जगण्याचा अर्थ शोधत मुंबईत येतात आणि त्यातली निम्मी वर्सोव्यात भाड्याने राहतात, असं मी थट्टेने म्हणतो. आरामनगरात ऑडिशनच्या रांगा, गल्लोगल्ली ध्यानाचे वर्ग. कोळीवाडा तिथून फार लांब नाही. तिथे देवाबद्दल बोलणारं फारसं कोणी भेटत नाही; देवाचं करणारे मात्र घरोघर.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. मासळीच्या विणीचा काळ. पूर्वी राज्याच्या नियमात ही बंदी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. सरकारी कागदात असं पंचांग डोकावलं की मला बरं वाटतं. आता तारीख पक्की झाली. तरी दर्याला सोन्याचा नारळ वाहिल्याशिवाय बोट लोटायला न धजणारी वडीलधारी माणसं आहेत, आणि पौर्णिमा लांबली की डिझेल-बर्फाच्या उधारीपायी १ ऑगस्टलाच निघणारी पोरंही आहेत. एकवीरेची तसबीर दोन्ही घरांत असते. नारळ आधी की नंतर, यावरून श्रद्धा मोजणाऱ्यांनी बोटीचा एक हप्ता भरून पाहावा.

जुलैतल्या एका उघडिपीला एक म्हातारबाबा जाळं सांधत बसले होते. फाटका भाग पायाच्या अंगठ्यात ताणलेला, हातात दोरा गुंडाळलेली सुई. गाठ मारायची, बोटाने ओढून बघायची, पुढे सरकायचं. यंदा मासळी लागेल का, मी उगाच विचारलं. मान वर न करता म्हणाले, "तं दर्याला ठावं. आपलं जालं नीट पायजे."

अर्थात ज्या दर्याला नारळ, त्याच दर्यात शहराचा सगळा कचरा; भाविकांचं निर्माल्यही त्यातच. अफरोज शाह या वकिलाने ऑक्टोबर २०१५मध्ये वर्सोव्याच्या वाळूतलं प्लास्टिक उचलायला घेतलं, मग शेकडो हात लागले. मार्च २०१८मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली, तेव्हा सगळे हरखले. कचरा पावसाळ्यात अजूनही परत येतो. येणार हे ठाऊक असून पुन्हा वाकायचं, ही भक्ती की नागरिकशास्त्र, हे मला ठरवता येत नाही. ठरवायची घाईही नाही.

माझी गोष्ट साधी. मी नोकरदार, माझ्या टेबलापुढे दर्या नाही, नवस बोलावा असं काही नाही. पण सकाळी वर्सोव्याला घाटकोपरच्या मेट्रोत चढताना आयुष्याचा हेतू सापडला का, ही चौकशी मी सोडून दिली आहे. काल ज्याला "उद्या करून देतो" म्हटलं, त्याची फाईल पिशवीत आहे ना, तेवढं चाचपतो.