घर विकायचे की ठेवायचे : आमचे 2023 साल



2023 हे आमच्या संसाराचे छत्तिसावे साल. या सालात आमच्यापैकी एकाची नोकरी संपली, मुलाने आम्हाला पुण्याला कायमचे बोलावले आणि राहते घर विकायचे की ठेवायचे यावर आम्ही वर्षभर बोलत राहिलो. सोलापुरातल्या कितीतरी घरांवर आज हीच वेळ आहे. मुले पुण्याला, हैदराबादला, आखातात, आई-वडील इथे. म्हणून आमचा हिशेब तुमच्यापुढे मांडतो आहोत.

आमच्यापैकी एक जण टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस होते. दुसरी घरात शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते, पण इथले गणवेशही दूरदूरच्या शाळांत जातात. फेब्रुवारी ते जून हा त्या कामाचा हंगाम. त्या दिवसांत आमच्या घरात बसायला जागा नसते, सगळीकडे कापलेल्या कॉलरी आणि खिसे.

सालाची सुरुवात जानेवारीत पुण्याच्या फेरीने झाली. नातीचा वाढदिवस होता. आम्ही नेहमी हुतात्मा एक्स्प्रेसने जातो. या गाडीचे नाव ज्या चार हुतात्म्यांवरून पडले, ते मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 रोजी त्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. कुर्बान हुसेन तर ‘गझनफर’ नावाचे वर्तमानपत्र चालवत असत. नातीला आम्ही हे सांगितले. तिने विचारले, “म्हणजे ते चौघे पुण्याला आले आणि परत गेलेच नाहीत?” आम्ही हो म्हटले. मुलाने त्याच रात्री जेवताना विषय काढला, “अब्बा, मार्चमध्ये तुम्ही रिटायर होताय. घर काढून टाका. इथे मोठा फ्लॅट घेऊ, सगळे एकत्र राहू.” त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता, काळजी होती. म्हणूनच लगेच नाही म्हणता आले नाही.

24 मार्चला पहिला रोजा झाला आणि 31 मार्चला नोकरीचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी जुम्मा होता, आठवा रोजा. कारखान्यातल्या लोकांनी निरोपाचा कार्यक्रम मुद्दाम मगरिबनंतर ठेवला. मागावर काम करणारे बहुतेक जण तेलुगू पद्मशाली. त्यांनी स्वतःच्या पैशाने खजूर आणि फळे आणली आणि अजान होईपर्यंत त्यांच्यापैकी कोणी चहासुद्धा घेतला नाही. भेट काय दिली असेल? सोलापुरी चादर! सोलापूरकराला चादर देणे म्हणजे माहेरवाशिणीला तिच्याच आईच्या हातचे लोणचे देण्यासारखे. सगळे हसले. ती चादर आम्ही अजून वापरायला काढलेली नाही.

नोकरी संपल्यावर पैशाचा विचार आला. खासगी नोकरीतल्या माणसाला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन किती मिळते हे अनेकांना ठाऊक आहे. किमान रक्कम 1000 रुपये आहे. आमची त्याहून थोडी जास्त. तेव्हा यंदा घर चालले ते शिलाईवर. बत्तीस वर्षे एकाच्या पगारावर घर चालले, त्या काळात मशीनच्या पैशाला ‘वरखर्च’ म्हणायचे. आता तोच मुख्य खर्च झाला. पुण्याला गेलो तर हे काम सुटणार होते. कपडा आणून देणारा, काज-बटण करणाऱ्या शेजारणी, इस्त्रीवाला, सगळी साखळी इथली. मशीन उचलून नेता येते, साखळी नेता येत नाही. मुलगा म्हणाला, “अम्मी, आता शिवायची गरज काय?” यावर त्याच्या अम्मीने दिलेले उत्तर असे : “गरज तुला नाही, मला आहे.”

एप्रिल-मेच्या सुट्टीत नात सोलापुरात आली. बकरी ईदसाठी बोकड आधीच आणला होता. तिने त्याला बाभळीच्या शेंगा आणि शेवरीचा पाला खाऊ घातला. या वर्षी बकरी ईद 29 जूनला आली आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी. आदल्या सालीही असेच जुळून आले होते. पंढरपुरातल्या मुस्लिम बांधवांनी एकादशीच्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. आमच्या गल्लीतही बहुतेक घरांनी तसेच केले. ईदची नमाज त्या दिवशी, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. जिलहिज्जच्या 10, 11, 12 या तिन्ही तारखांना कुर्बानी चालते, मग एक दिवस थांबण्यात अडचण ती काय? शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूरमार्गेच पंढरपूरला जाते. वारकऱ्यांना पाणी-चहा देणे आमच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आले आहे. नात ईदला आली तेव्हा तिला बोकडाचा तो एक दिवस जास्तीचा मिळाला. दुसऱ्या दिवशी ती रडली. आम्ही तिला गप्प केले नाही. ज्याच्यावर जीव आहे तेच द्यायचे असते, एवढेच सांगितले. मग गोश्तचे तीन हिस्से करून गरिबांचा हिस्सा वाटायला ती आमच्याबरोबर आली.

पाऊस मात्र रुसला. ऑगस्ट कोरडा गेला. देशात 1901 पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. उजनी धरण यंदा भरले नाही. आमच्याकडे एरवीही नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, त्यामुळे पिंप, हंडे, टाकी भरून ठेवायची सवय आहे. पण पुण्याहून रोज फोन, “तिथे पाणी नाही, काय राहिलंय तिथे?” या प्रश्नाचे उत्तर फोनवर देणे अवघड.

काय राहिले आहे ते आम्ही दोघांनी एका संध्याकाळी मोजले. घरात आम्ही दखनी बोलतो, बाजारात मराठी, डावीकडचे शेजारी तेलुगू, उजवीकडचे कन्नड. सप्टेंबरमध्ये आमच्यापैकी एकाला रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तेव्हा कन्नड शेजाऱ्यांनी रिक्षा आणली आणि तेलुगू वहिनींनी घर सांभाळले. पित्त निघाले, अलहमदुलिल्लाह. मुलगा सकाळी पोहोचला. त्याने घाबरून पुन्हा तोच आग्रह धरला. आमच्या मनात मात्र त्या रात्रीपासून उलटे पक्के होऊ लागले. मुलगा कितीही चांगला असला तरी अडीचशे किलोमीटरवर आहे. शेजारी भिंतीपलीकडे आहेत. आणि आम्ही पुण्याला गेलो तर दिवसभर मुलगा-सून कामावर, नात शाळेत, भिंतीपलीकडे कोण?

आणखी एक जण मोजायचा राहिला, आमची मांजर मन्नो. पाच वर्षांपूर्वी कापडाच्या गठ्ठ्यावर येऊन बसली ती तिथेच राहिली. नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती कशी राहील? लोक म्हणतात, मांजरीसाठी कोणी घर ठेवते का? घर ठेवत नाही, पण तिला वाऱ्यावरही सोडता येत नाही. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस आपण मुलांना सांगतो. सांगितलेले आपल्यालाही लागू असते.

नोव्हेंबरमध्ये आमच्या जुन्या मित्र जोडप्याबरोबर विजापूरला गेलो. सोलापूरपासून शंभर किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री परत. गोलघुमट ही महंमद आदिलशहाची कबर. तो 1656 मध्ये वारला. घुमटाखालच्या सज्ज्यात एका बाजूला भिंतीशी हळू बोलले की समोर जवळपास 38 मीटरवर ऐकू येते, असे मित्रांनी सांगितले. आम्ही दोघे समोरासमोर उभे राहिलो. पण दोन शाळांच्या सहली वर आल्या होत्या आणि पोरे एवढी ओरडत होती की काही म्हणता काही कळले नाही. शेवटी खाली हिरवळीवर बसून, डब्यातली शेंगाची चटणी-भाकरी खाताना, साध्या आवाजात बोललो. एकमेकांना एकच प्रश्न विचारला, “मुलाला वाईट वाटेल म्हणून नव्हे, लोक काय म्हणतील म्हणून नव्हे, तुला स्वतःला काय हवे?” दोघांचे उत्तर एक निघाले. वेगळे निघाले असते तर घर विकणार नाही आणि जाणारही नाही, दोघे एकमत होईपर्यंत थांबू, असे आधीच ठरले होते.

डिसेंबरमध्ये मुलाला निर्णय सांगितला. घर विकणार नाही. शिलाईचा हंगाम, रमजान आणि दोन्ही ईद सोलापुरात. पावसाळा संपल्यावर दोन महिने पुण्यात, नातीजवळ. त्या दिवसांत मन्नोला तेलुगू वहिनी सांभाळणार. हात-पाय चालेनासे झाले की पुन्हा बसून बोलू, तेव्हा हट्ट करणार नाही. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ठीक आहे. मग गच्ची गळते ती तरी या वेळी करून घेऊ. आणि मोरीत धरायला दांडा लावू.”

आमच्यासारखा निर्णय सर्वांनी घ्यावा असे नाही. ज्यांची तब्येत साथ देत नाही त्यांनी मुलांजवळ जावे, त्यात कमीपणा नाही. मात्र घर काढण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. एक, घरातल्या बाईचे काम आणि तिची माणसे हिशेबात धरावीत. बहुतेक वेळा तीच राहून जातात. दुसरी, मुलांना नकार देताना त्यांच्या काळजीचा मान ठेवावा आणि त्यांना करायला काहीतरी द्यावे. आमच्या मुलाने जानेवारीत गवंडी पाठवायचे कबूल केले आहे. इन्शाअल्लाह, या पावसाळ्यात कापडाचे गठ्ठे हलवावे लागणार नाहीत.