मतं तीन, माणसं चार!

मी कुणाचा प्रचार वगैरे करेन, असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. कॉलेजात आमचं राजकारण म्हणजे कटिंग चहा आणि फुकटचे वाद. पण २०१९च्या विधानसभेला पुण्यातल्या आमच्या मतदारसंघात एक अपक्ष काका उभे राहिले. डीजे नाही, फ्लेक्स नाही. मुद्दे दोनच, पाणी आणि फुटपाथ. चिन्ह कपबशी. मी एकदम फॅन!

मग काय, बारा दिवस नुसती धावपळ. सोसायट्यांचे जिने चढून पत्रकं वाटली. आई आमच्या टीमसाठी पोहे करायची, बाबा गाडीची किल्ली द्यायचे. आणि आजी? ‘हो गं बाई, कपबशीच!’ घरची चार मतं पक्की.

२१ ऑक्टोबर, सोमवार. वीकेंडला जोडून सुट्टी, त्यामुळे निम्मा ग्रुप लोणावळ्यात. आम्ही चौघं मात्र बूथवर. निळं बटण दाबलं, सात सेकंद चिठ्ठी दिसली, लांबलचक बीप... सही! बाहेर येऊन शाई लावलेल्या चार बोटांचा फोटोही काढला.

२४ तारखेला निकाल. काकांचं डिपॉझिट गुल. विधानसभेला दहा हजार भरावे लागतात आणि एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर ते जप्त होतं. वाईट वाटलं, पण धक्का नाही बसला. धक्का पुढे होता.

काही दिवसांनी फॉर्म २० बघितला. त्यात बूथप्रमाणे मतं दिलेली असतात. आमच्या बूथवर कपबशीला मतं... तीन. आणि घरात आम्ही चार! बरं, इस्त्रीवाल्या काकांनी आणि वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीनेही प्रॉमिस केलं होतं. म्हणजे माझं एक सोडलं, तर उरलेली दोन नक्की कुणाची?

रात्री जेवताना मी सरळ चौकशीच लावली. ‘खरं सांगा, कुणी गद्दारी केली?’ बाबा पेपरात घुसले, आई आमटी वाढायला लागली. आजी मात्र शांतपणे म्हणाली, ‘जन्मभर तुझे आजोबा सांगतील तिथे शिक्का मारला. आता तू सांगशील तिथे बटण दाबू का?’

माझा घास हातातच राहिला. लोकशाहीवर जिने चढून भाषणं देणारी मी, घरात मात्र आजोबांची गादी चालवत होते! त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे आजीला आयुष्यात पहिल्यांदा एकटीचे काही क्षण मिळाले होते. आणि मी त्याचा हिशेब मागत होते.

२० नोव्हेंबर २०२४ला पुन्हा विधानसभेचं मतदान झालं. आजीला हात धरून बूथवर नेलं. परतल्यावर जीभ जाम वळवळत होती, पण मी एवढंच विचारलं, ‘आजी, चहा टाकू?’

‘टाक,’ ती मिश्कील हसली. ‘आणि कपबशीतच दे हो.’