विलायत आणि सातबारा

आमच्या घरात ‘इंग्लंड’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकापुरता होता. बोलण्यात असायची ती विलायतच. विलायतेचे पत्र, विलायतेचा साबण, विलायतेची थंडी. आणि या सगळ्यांच्या मागे उभी असलेली आमची विलायतेची आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. आजोबांना सगळे घर ‘दादा’ म्हणायचे. दादा २०१४ साली गेले. त्यांच्या मागे त्यांच्या ट्रंकेत एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात निळी हवाई पत्रे होती, वर्षावर्षाचे गठ्ठे करून सुतळीने बांधलेली.

गेल्या काही महिन्यांत मी ती पत्रे सगळी वाचून काढली. निमित्त म्हणाल तर साधेच. आमच्या वर्गातल्या तिघीजणी दुपारचा शेवटचा तास बुडवून आय. ई. एल. टी. एस.च्या क्लासला जातात. त्यांच्या वह्यांत शब्दांचे अर्थ लिहिलेले असतात. त्या देशाचा अर्थ कोणी लिहून देतो का, हे मला पाहायचे होते.

आत्याआजी १९६६ च्या सप्टेंबरात गेली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. गाव तासगाव तालुक्यातले, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि नंतर मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात दोन वर्षे मदतनिसाचे काम. या कामावरून घरात महाभारत झाले होते. परक्या पुरुषांची अंगे पुसणारी मुलगी कोण करून घेणार, हा पणजोबांचा प्रश्न. पणजोबा तसे सुधारकी विचारांचे. नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या दिवसांत, म्हणजे १९४३ ते ४६ च्या काळात, त्यांनी भूमिगतांना रानात भाकरी पोचवलेल्या. पण इंग्रजांविरुद्ध जाणे वेगळे आणि भावकीविरुद्ध जाणे वेगळे! मुलीने इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाला स्वतःच पत्र लिहून प्रशिक्षणाची जागा मिळवली, तेव्हा ते तिच्याशी बोलेनासे झाले. मुंबईच्या धक्क्यावर तिला पोचवायला फक्त दादा गेले.

त्याच वर्षी जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते. १३ रुपयांचा पौंड २१ रुपयांवर गेलेला. परकीय चलनाची एवढी टंचाई, की देश सोडणाऱ्याच्या हाती सरकार तीन पौंड ठेवी. तीन पौंड म्हणजे ६३ रुपये. ते घेऊन ती बोटीत बसली, सुवेझमार्गे गेली, आणि वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका लहानशा गावी पोचली. ते नाव दादांना शेवटपर्यंत नीट म्हणता आले नाही. ते ‘उलवर’ म्हणत.

पहिल्या वर्षाची पत्रे वाचताना हसू येते. ‘तीर्थरूप दादांस कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.’ आणि मग खाली सगळा देश ओसंडून वाहतो. नळाला गरम पाणी. बसची रांग, आणि त्या रांगेत कोणी कोणाला ढकलत नाही. बसकंडक्टर बायकांना ‘लव्ह’ म्हणतो, ‘तरी दादांनी गैरसमज करून घेऊ नये, ते सगळ्यांनाच म्हणतात.’ एका पत्रात तर तिने लिहिले आहे, की इथे मला कोणी ‘तू कोणाची?’ असे विचारत नाही. हे वाक्य तिने अधोरेखित केले आहे. मला वाटते, तिचे विलायतेवर जे प्रेम बसले ते या एका वाक्यासाठी. आपल्याकडे मुलगी आधी कोणाची तरी असते आणि मग उरलीच तर स्वतःची. तिकडे तिला पगाराचे पाकीट तिच्या नावाने मिळत होते.

परंतु याच काळात एक गोष्ट घडली होती, आणि ती या पत्रांत कोठेही नाही. ती मला आत्याआजीनेच सांगितली, २०२४ च्या जानेवारीत, ती सहा आठवडे आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा.

तेव्हा तिकडे नर्सिंगचे दोन रस्ते होते. तीन वर्षांचा एस. आर. एन. आणि दोन वर्षांचा एस. ई. एन. मधले एक अक्षर बदलले की सारा जन्म बदले. पहिलीला पुढे सिस्टर, मेट्रन होता येई. दुसरीने आयुष्यभर हाताखाली राबायचे, आणि तिच्या त्या पदविकेला पुष्कळशा देशांत कोणी विचारीत नसे. परदेशातून आलेल्या किती तरी मुलींना या दुसऱ्या रस्त्याला लावण्यात आले. आत्याआजी त्यांतलीच. कागदावर सही करताना तिला एवढेच सांगण्यात आले, की हा अभ्यासक्रम तुला सोपा जाईल. फरक तिला कळला तो वर्षभराने, तिच्याबरोबरच्या आयरिश मुलीकडून.

“मग तू दादांना का नाही लिहिलंस?” मी विचारले.

“काय लिहू? अण्णा म्हणाले असते, बरं झालं. दारं लावून घेऊन निघालेल्या माणसाला रडायला जागा नसते गं.”

अण्णा म्हणजे पणजोबा.

नंतर आले १९६८. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तारीख ठाऊक असेल. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल यांनी परदेशातून येणाऱ्यांविरुद्ध भाषण केले. ‘रक्ताच्या नद्या’ या नावाने ते कुप्रसिद्ध आहे. पॉवेल हे वुल्व्हरहॅम्प्टनचेच खासदार. त्याहून मौजेची गोष्ट अशी, की १९६० ते ६३ या काळात ते ब्रिटनचे आरोग्यमंत्री होते, आणि तिथली रुग्णालये तेव्हाही बाहेरून आलेल्या हातांवर चालत होती. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पक्षाच्या नेत्याने, एडवर्ड हीथ यांनी, त्यांना आपल्या छाया मंत्रिमंडळातून काढून टाकले. पण दोन दिवसांनी लंडनचे गोदी कामगार पॉवेलच्या बाजूने पार्लमेंटवर चालून गेले.

मी मोठ्या उत्सुकतेने ४ मे १९६८ चे पत्र उघडले. त्यात काय असावे? ट्यूलिपची फुले! थंडी कमी झाली आहे, रस्त्याच्या कडेने ट्यूलिप फुलले आहेत, आणि वहिनींच्या गुडघ्याला लावायला मलम पाठवीत आहे.

“ट्यूलिप होते ना,” आत्याआजी म्हणाली. “खोटं नाही लिहिलं.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने सांगितले. भाषणानंतरच्या सोमवारी ती सकाळच्या पाळीला होती. वॉर्डात एक म्हातारा होता, कमरेचे हाड मोडलेला. आदल्या आठवड्यापर्यंत तिला ‘लव्ह’ म्हणणारा. त्या दिवशी तो म्हणाला, तुझे काळे हात मला लावू नकोस, गोरी नर्स पाठव. गोरी नर्स तासभर रिकामी नव्हती.

“मग?”

“मग काय? शेवटी बेडपॅन मीच दिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. मीही काही बोलले नाही. पाठ पुसली, पावडर लावली. तीन आठवडे होता तो.”

त्या रात्री तिने परतीचे भाडे किती पडेल याचा हिशेब केला होता. कागद पुढे किती तरी वर्षे तिच्या पर्समध्ये होता. पण परत कोठे यायचे? अण्णा बोलत नव्हते. आणि एस. ई. एन. या तीन अक्षरांना इथे कोण विचारणार होते?

सत्तरच्या दशकातली पत्रे आखूड आहेत. लग्न झाले, नैरोबीहून आलेल्या एका गुजराती माणसाशी. घर घेतले, कर्ज फेडले, दोन मुले झाली. या पत्रांत विलायत नाहीच. आहे ती फक्त कामाची पाळी, हप्ते, मुलांचे गोवर. त्या देशावर ना प्रेम, ना राग. माणूस चाळीत राहतो तसे ती तिथे राहत होती. मधे १९७४ साली एकदा येऊन गेली. त्या भेटीची घरात उरलेली आठवण म्हणजे मिरजेच्या एस. टी. स्टँडवर रांगेचा आग्रह धरून तिने दोन गाड्या चुकवल्या, ही!

डब्यातले सगळ्यात जाड पाकीट १९८७ चे आहे. प्रकरण असे होते. १ जानेवारी १९७३ पूर्वी तिथे स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील नागरिकांना केवळ नोंदणी करून ब्रिटिश नागरिक होण्याचा हक्क होता. नव्या नागरिकत्व कायद्याने त्याला मुदत घातली, ३१ डिसेंबर १९८७. त्यानंतर तो हक्क गेला. आत्याआजी एकवीस वर्षे तिथे राहत होती, आणि अजून तिच्याजवळ अशोकस्तंभाचा पासपोर्ट होता. दोन्ही देशांचे नागरिकत्व एकदम ठेवण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. तिकडचे घ्यावे तर इकडचे सुटते. आणि नोंदणीसाठी राणीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागणार होती. प्रतिसरकारच्या भाकरी वाहणाऱ्याची मुलगी!

चार पाने भरून तिने दादांना विचारले आहे. काळजी मुलांची आहे, पेन्शनची आहे. ‘हे’ म्हणतात की कागदावर फार भरवसा ठेवू नये. त्यांच्या ओळखीच्या केनियातल्या लोकांच्या हाती ब्रिटिश पासपोर्ट असूनही त्यांना अडवणारा कायदा १९६८ साली तीन दिवसांत पास झाला होता. तरी नसलेल्या कागदापेक्षा असलेला बरा. आणि शेवटी एक ओळ: ‘अण्णा असते तर त्यांना विचारण्याचे मला धैर्य झाले नसते, म्हणून तुम्हांला विचारते.’

दादांचे उत्तर आमच्याकडे असणे शक्य नव्हते. पण आत्याआजीला ते पाठ आहे. एका कार्डावर त्यांनी लिहिले होते, ‘शपथ खुशाल घे. शेताच्या सातबाऱ्यावर तुझे नाव आहे, ते कोणी काढलेले नाही.’

शेतकऱ्याच्या घरातल्या वाचकाला या वाक्याचे वजन सांगायला नको. बाप वारल्यावर मुलींची नावे उताऱ्यावर लागतात, आणि मग भाऊ त्यांना साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेतात, ही आपल्याकडची रीत. दादांनी ती सही कधी मागितली नाही. द्राक्षबाग लावताना बँकेच्या कर्जाला अडचण आली, तरी नाही. ते कार्ड हातात पडल्यावर आत्याआजी एका वकिलाच्या कचेरीत गेली, राणीची शपथ घेतली, आणि बाहेर येऊन बाकावर बसून रडली. कशासाठी, ते तिला आजही सांगता येत नाही. वय बेचाळीस. त्याच सुमारास जादा अभ्यासक्रम करून, मुलांच्या बरोबरीने रात्री अभ्यासाला बसून, तिने ते एक अक्षरही बदलून घेतले होते. निवृत्त झाली ती सिस्टर म्हणून, २००५ साली.

कागदाची तिची धास्ती खोटी नव्हती. २०१८ मध्ये ‘विंडरश’ प्रकरण बाहेर आले. १९७३ पूर्वी गेलेली माणसे, बहुतेक वेस्ट इंडीजची, पन्नास-पन्नास वर्षे राबलेली; पण पुरेसे कागद नाहीत म्हणून त्यांची नोकरी, उपचार बंद, काहींना तर देशाबाहेर काढले. त्या दिवशी तिने आमच्या बाबांना फोन करून एवढेच विचारले होते, “दादांचं कार्ड मी कुठं ठेवलंय, तुला ठाऊक आहे का रे?” बाबांना ते कसे ठाऊक असणार!

इथवर मी सर्वस्वी तिच्या बाजूने होते. पुढे मात्र आमचे भांडण झाले.

जेवणे झाल्यावर शेंगा फोडत बसलो होतो. २०१६ च्या जूनमधल्या सार्वमताचा विषय निघाला. युरोपीय संघातून बाहेर पडावे असे ज्या शहरांनी मोठ्या बहुमताने म्हटले, त्यांत वुल्व्हरहॅम्प्टन एक. परदेशी माणसे फार येतात, हा तिथल्या प्रचाराचा मोठा मुद्दा होता. मी सहज म्हणाले, “तुला किती वाईट वाटलं असेल.”

“मला? मीच बाहेर पडायला मत दिलं.”

शेंग माझ्या हातातच राहिली.

मी पुष्कळ बोलले. ज्या दारातून आपण आत आलो त्याच दाराला पाठ लावून उभे राहायचे, हा कोठला न्याय? पॉवेल दुसरे काय म्हणत होते? ती शांतपणे शेंगा फोडत होती. मग म्हणाली, “माझ्या सख्ख्या भाच्याला, तुझ्या बाबाला, महिनाभर बोलवायचं तर व्हिसासाठी माझे बँकेचे कागद, त्याचे कागद, सातबारा, सगळं मागतात. आणि पोलंडचा पोरगा उद्या सकाळी बॅग घेऊन उतरतो. मला रांगेचं वाईट वाटत नाही. रांग सगळ्यांना एकच असावी.” आणि थोड्या वेळाने, “आणि तू मला ‘तुम्ही बाहेरचे’ या हिशेबात का धरतेस? मी तिथली मतदार आहे. तिथल्या मतदाराला चुकीचं मत द्यायचाही अधिकार असतो.”

मला ते पटले नाही. आजही पटत नाही. तिच्या वॉर्डात शेवटच्या वर्षांत पोलंडच्या मुली होत्या, हे तिनेच मला आधी सांगितले होते. परंतु एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहिली नाही. १९६८ च्या पत्रात ट्यूलिप लिहिणारी मुलगी त्या देशाविषयी बरे किंवा वाईट बोलायला भीत होती. ही ऐंशीला टेकलेली बाई बिनदिक्कत चुकत होती, आणि आपल्या घरात चुकावे तशी चुकत होती.

करोनाचे तिने स्वतःहून काहीच सांगितले नाही. मी विचारले म्हणून सांगितले. २६ मार्च २०२० पासून तिकडे दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात उभे राहून डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवीत. आपल्याकडे २२ मार्चला थाळ्या वाजल्या, त्यानंतर चारच दिवसांनी. त्या पहिल्या आठवड्यांत तिथे जे डॉक्टर मरण पावले, त्यांतले बहुतेक आशिया-आफ्रिकेत मुळे असलेले होते. आत्याआजीच्या समोरच्या घरातली गोरी शेजारीण तिच्या खिडकीकडे पाहून टाळ्या वाजवी.

“तू काय केलंस?”

“पहिल्या गुरुवारी पडदा लावला. दुसऱ्या गुरुवारी हात केला. तिसऱ्या गुरुवारी म्हटलं, टाळ्या पुरेत, पगार वाढवा म्हणावं यांचे.”

परत गेल्यावर ती आता निळी पत्रे पाठवीत नाही. फोनवर छायाचित्रे पाठवते. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या नव्या सरकारने म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी मिळणारा भत्ता बहुतेकांचा बंद केला. आत्याआजीने आपल्या खासदाराला दीड पान हस्ताक्षरात लिहिले. त्याचे छायाचित्र मला आले. त्यात आर्जव नाही, आभार नाहीत. ‘मी या देशातल्या माणसांची अंगे अडतीस वर्षे पुसली आहेत आणि मला थंडी वाजते’ अशी सुरुवात आहे. जून २०२५ मध्ये सरकारने बरीचशी माघार घेतली. ती आपल्या पत्रामुळेच, असे तिचे ठाम मत आहे, आणि ते खोडून काढण्याच्या भरीस घरात कोणी पडत नाही.

गेल्या रविवारी दुसऱ्या पत्राचा मसुदा आला आहे. या वेळचा विषय तिच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बसथांब्यावरचा मोडका बाक.